ट्रंपेट कोणी वाजवला?

जॅझच्या रसिकांची एक जुनी सवय आहे. ध्वनिमुद्रिका हाती आली की ते आधी तिचे वेष्टन उलटे करून पाहतात. रचना कोणाची, याची त्यांना तितकीशी उत्सुकता नसते. ट्रंपेटवर कोण, ट्रॉम्बोनवर कोण, ड्रम्सवर कोण आणि ही मंडळी कोणत्या दिवशी कोणत्या स्टुडिओत एकत्र जमली होती, हे त्यांना कळायला हवे असते. आपल्या चित्रपटसंगीताने वादकांना दशकानुदशके निनावी ठेवले, हे आठवले म्हणजे या सवयीमागची कृतज्ञता ध्यानात येते. अलीकडे काही तरुणांनी केलेली जॅझची ध्वनिमुद्रणे माझ्यापर्यंत येतात. त्यांत दोन ट्रंपेट, दोन ट्रॉम्बोन, कधी एखादा ट्यूबाही झळाळून वाजत असतो. ट्रंपेट कोणी वाजवला, असे विचारले तर उत्तर मिळते, ‘‘कोणी नाही फादर, टॅबलेटवर आहे.’’ सांगणाऱ्याच्या मुद्रेवर संकोच नसतो, उलट थोडासा अभिमानच असतो. माझा वाद त्या अभिमानाशी आहे.

हे सारे कसे घडते ते प्रथम पाहू, कारण समजून न घेता केलेली टीका ही आळशी टीका असते. २०११ साली आयपॅडवर गॅरेजबँड आले आणि ज्याच्यासाठी पूर्वी स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागे ते काम मांडीवरच्या काचेच्या पाटीवर होऊ लागले. २०२३ साली लॉजिक प्रो ही व्यावसायिकांची आज्ञावलीही त्या पाटीवर आली आणि २०२४ पासून तिच्यात बास व पियानो वाजवणारे स्वयंचलित साथीदार मिळू लागले. आभासी पितळी वाद्ये घडवण्याच्या मुख्य रीती दोन. पहिल्या रीतीत एका खऱ्या वादकाला निःशब्द खोलीत बसवून त्याच्याकडून एकेक स्वर वाजवून घेतात: हलका, मध्यम, जोरकस, आखूड, लांबवलेला, घसरत जाणारा. असे हजारो तुकडे साठवले जातात आणि आपले बोट काचेवर टेकले की त्यांतला एक तुकडा निघतो. तोच तुकडा लागोपाठ निघाला तर कानाला फसवणूक कळते. म्हणून एकाच स्वराचे चार-पाच तुकडे ठेवून ते आळीपाळीने वाजवण्याची युक्ती असते. दुसऱ्या रीतीत तुकडे नसतातच. ओठ, नळी आणि हवेचा स्तंभ यांची गणिते मांडून यंत्र तो नाद क्षणोक्षणी नव्याने तयार करते. ही दुसरी रीत विलक्षण बुद्धिमान आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. चांगल्या कारागिराच्या हाती पडल्यास तिचा ट्रंपेट भल्याभल्यांना चकवतो.

म्हणूनच ‘टॅबलेटवरचा आवाज खोटा वाटतो’ हा आमच्या पिढीचा आवडता युक्तिवाद मी येथे करणार नाही. तो दुबळा आहे. आज आवाज खोटा वाटत असला तर उद्या वाटणार नाही, आणि त्या दिवशी आमच्याजवळ बोलण्यासारखे काही उरणार नाही. प्रश्न आवाजाचा नाहीच.

ट्रंपेट हे वाद्य मुळात एक नळी आहे. स्वर जन्मतो तो ओठांत. नळी त्याला निवडून मोठा करते. एकही कळ न दाबता, केवळ ओठ आवळून आणि सैलावून, वादक स्वरांची एक अख्खी शिडी चढतो. त्या शिडीतील रिकाम्या पायऱ्या भरण्यासाठी तीन कळा असतात. मधली अर्ध्या स्वराने उतरवते, पहिली एका स्वराने आणि तिसरी दीड स्वराने. गंमत अशी की पहिली व तिसरी एकत्र दाबली तर हिशेब चुकतो. स्वर किंचित चढा लागतो आणि वादकाला करंगळीशेजारच्या बोटाने एक छोटी नळी पुढे सरकवून तो सावरावा लागतो. म्हणजे हे वाद्य जन्मतःच सदोष आहे. आणि जॅझच्या थोर वादकांनी त्या दोषांतूनच बोली घडवली. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदातील रेक्स स्ट्युअर्ट कळ अर्धीच दाबून गुदमरल्यासारखा, कण्हल्यासारखा स्वर काढी. बबर माइली हा नळ साफ करणाऱ्या कामगाराचा रबरी कप ट्रंपेटच्या तोंडाशी उघडझाप करून वाद्याला गुरगुरायला लावी, आणि ट्रॉम्बोनवर ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन तेच करी. १९२९ साली माइली गेला आणि त्याच्या खुर्चीवर कूटी विल्यम्स आला. त्याला हे गुरगुरणे येत नव्हते. शेजारच्या नॅन्टनचे ऐकत ऐकत तो शिकला आणि पुढे इतका पुढे गेला की १९४० साली एलिंग्टनने त्याच्या नावानेच एक रचना केली. एलिंग्टन ‘ट्रंपेट’साठी लिहीतच नसे. तो कूटीसाठी लिही, रेक्ससाठी लिही. एक वादक गेला की त्याच्याबरोबर एक रंग जाई.

टॅबलेटच्या यादीत ‘ट्रंपेट, गुरगुरता’ अशी निवड असू शकते. ती बोटाने निवडता येते. परंतु कूटीने नॅन्टनच्या शेजारी बसून जे केले, ते त्या यादीत कोठे आहे?

आणखी एक गोष्ट. ओठ थकतो. वादकाला श्वास घ्यावा लागतो. जॅझमधील वाक्याची लांबी ठरवली आहे ती मानवी फुप्फुसांनी. दोन वाक्यांमधला जो मोकळा क्षण असतो त्यातच पियानो काहीतरी बोलून जातो, ड्रमवाला एक टिचकी मारतो. यंत्राच्या ट्रंपेटला दम लागत नाही. मी ऐकलेल्या काही घरगुती ध्वनिमुद्रणांत ट्रंपेट मात्रांमागून मात्रा अखंड वाजत राहतो आणि ऐकणाऱ्याचाच जीव घाबरा होतो. यावर आज्ञावलीकर्त्यांनी उपाय शोधला आहे. एक कळ अशी असते की ती दाबली असता यंत्र आपल्या काटेकोर तालात थोड्या थोड्या चुका पेरते, म्हणजे वादन ‘माणसासारखे’ वाटावे! स्विंग नावाची जी डोलणारी लय जॅझचा प्राण मानली जाते, तीही टक्क्यांत मोजून मिळते. माणूस आणि यंत्र यांच्यातला फरक म्हणजे माणसाची चूक, अशी या मंडळींची समजूत दिसते. जॅझमधील वादक ठेक्याच्या किंचित मागे राहतो तो चुकून नव्हे. तो ड्रमवाल्याचे ऐकत असतो, त्याला अडवत असतो, चिडवत असतो, त्याच्यावर भरवसा ठेवून मागे रेलत असतो. फाशांच्या दानाने निघालेली दिरंगाई आणि शेजाऱ्यावर रेलल्याने झालेली दिरंगाई या घड्याळात सारख्याच भरल्या, तरी दुसरीत एक शेजारी आहे.

१९५९ सालच्या दोन दिवशी, २ मार्च आणि २२ एप्रिलला, माइल्स डेव्हिसने न्यूयॉर्कमध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ ध्वनिमुद्रित केले. तो स्टुडिओ म्हणजे एक जुने चर्च होते. या तपशिलाचे एका धर्मगुरूला थोडे जास्त कौतुक वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी. ती इमारत आज उभी नाही. वादकांपुढे पूर्ण लिहिलेले संगीत नव्हते, त्रोटक टाचणे होती. त्या उंच छताखाली कोल्ट्रेन, अ‍ॅडर्ली, बिल इव्हान्स, पॉल चेंबर्स, जिमी कॉब परस्परांचे ऐकत वाजवत गेले. पहिल्या दिवशीचे एक मुद्रणयंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे त्या दिवशीचे संगीत वर्षानुवर्षे थोडे चढे ऐकू येत राहिले. १९९२ सालच्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. विचार करा. लोकांनी ती दुरुस्ती का करावी? चढ्या स्वरातही तबकडी गोडच वाजत होती. दुरुस्ती केली, कारण त्या दिवशी त्या खोलीत जे खरोखर घडले ते ऐकण्याचा आपल्याला हक्क आहे असे लोकांना वाटले.

माझा मुद्दा नेमका हा आहे. जॅझचे ध्वनिमुद्रण ही साक्ष असते. कागदावरची रचना कोणीही केव्हाही वाजवील. परंतु उत्स्फूर्त वादन एकदाच घडते, आणि ते घडले याला तबकडीखेरीज पुरावा नसतो. १९१७ साली न्यूयॉर्कला निघालेल्या पहिल्या जॅझ ध्वनिमुद्रिकेपासून हेच चालत आले आहे. १९२३ साली इंडियाना राज्यातील रिचमंड गावी किंग ऑलिव्हरच्या पथकाचे मुद्रण झाले तेव्हा मायक्रोफोन नव्हता, नुसता कर्णा होता. तरुण लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका दणदणीत होता की त्याला इतरांपासून दूर उभे करावे लागले, अशी आठवण पथकातील पियानोवादक लिल हार्डिन सांगत असे. ती तबकडी आज खरखरते. तरीही दोन कॉर्नेट जोडीने अचानक एका वळणावर झेपावतात तेव्हा आपल्याला ठाऊक असते की ऑलिव्हर आणि आर्मस्ट्राँग त्या क्षणी एका खोलीत होते. टॅबलेटवरच्या ध्वनिमुद्रणातील दोन ट्रंपेट कोणत्याच क्षणी कोणत्याच खोलीत नव्हते. घडलेच नाही त्याची ती साक्ष आहे. अशा साक्षीला काय म्हणतात, हे वाचकांना सांगायला नको.

यावर जाणकार तरुण मला इतिहास ऐकवतात, आणि चांगला ऐकवतात. १९४१ साली सिडनी बेशे या महान वादकाने एकट्याने क्लॅरिनेट, दोन सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्स एकावर एक मुद्रित करून एकपुरुषी वाद्यवृंद काढला नव्हता काय? १९६३ साली बिल इव्हान्सने स्वतःच्याच तीन पियानोंशी संवाद केला, तो काय खोटा? आणि १९८६ सालच्या ‘टुटू’त, माइल्स डेव्हिसच्या ज्या तबकडीला दक्षिण आफ्रिकेच्या आर्चबिशपांचे नाव दिले गेले, तीत मार्कस मिलरने बहुतेक सारी वाद्यसृष्टी सिंथेसायझर आणि यंत्रांवर उभारली होती ना? सर्व खरे आहे. पण या तिन्ही उदाहरणांत वेष्टनावर काय छापले आहे आणि आत काय आहे यांत अंतर नाही. बेशेने सहाही वाद्ये स्वतः वाजवली. इव्हान्सची तीसही बोटे इव्हान्सचीच होती. ‘टुटू’त सभोवार यंत्रे असली तरी ट्रंपेटवर माइल्स आहे, त्याचा साठीतला, थकलेला, अर्धाच पुरणारा श्वास आहे, त्या श्वासासाठीच ती यंत्रे तेथे मांडलेली आहेत. ट्रंपेटही यंत्राकडून घ्यावा असे मार्कस मिलरच्या मनात आले असते तर ती तबकडी आज कोणी ऐकली नसती.

दुसरे एक उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते, आणि ते माझ्या बाजूचे आहे. नाइल स्टायनर नावाच्या ट्रंपेटवादक संशोधकाने श्वासाने चालणारी विद्युत्‌वाद्ये बनवली; १९८७ साली अकाई कंपनीने त्यांतले एक बाजारात आणले. मायकेल ब्रेकरसारख्या सॅक्सोफोनच्या बादशहाने ते आवडीने वाजवले. त्यात फुंकर खरी असते, बोटे खरी असतात, नाद तेवढा यंत्राचा असतो. ब्रेकरने त्याला सॅक्सोफोन म्हटले नाही. त्या वाद्याला स्वतःचे नाव दिले गेले, वेष्टनावर ते नाव छापले गेले आणि कोणाचीही तक्रार राहिली नाही. टॅबलेटवाल्या मित्रांकडून मी याहून अधिक काही मागत नाही. ‘टॅबलेट: अमुक अमुक’ असे छापा. त्या रचनेला संगीत म्हणा. चांगली असेल तर मीही टाळ्या वाजवीन. ‘ट्रंपेट’ हा शब्द मात्र वेष्टनावरून काढा.

‘‘ट्रंपेट विकत कोण देणार, फादर?’’ हा प्रश्न मला खरा गंभीर वाटतो. ज्या मुलाच्या मनात चार पितळी वाद्यांची रचना गुंजते आहे आणि ज्याच्या ओळखीत एकही ट्रॉम्बोनवादक नाही, त्याने काय करावे? त्याने ती टॅबलेटवर जरूर मांडावी. वास्तुविशारद घराचा नकाशा काढतो, छोटी प्रतिकृती करतो, त्यात कोणी राहायला जात नाही इतकेच. पण पैशाचे कारण पुढे करू नये. मेरठमध्ये जली कोठी परिसरात पिढ्यान्‌पिढ्या बँडची वाद्ये घडतात आणि देशभर जातात. एका टॅबलेटच्या किमतीत तेथील एकाहून अधिक ट्रंपेट येतात. ते अव्वल दर्जाचे नसतील. आर्मस्ट्राँगचा पहिला कॉर्नेटही गहाणवटीच्या दुकानातला होता. महाग आहे तो ट्रंपेट नव्हे, महाग आहेत ती ओठ तयार व्हायला लागणारी वर्षे. त्या वर्षांना पर्याय म्हणून टॅबलेट विकला जातो, आणि घेणाऱ्याला वाटते की आपण पैसे वाचवले.

आता पोटाच्या प्रश्नाकडे येतो. ध्वनिमुद्रित संगीत वादकाच्या पोटावर पाय देते, ही तक्रार नवी नाही. १ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. रेडिओवर आणि नाणे टाकून वाजणाऱ्या यंत्रांत तबकड्या फिरू लागल्याने जिवंत वादक बेकार होत होते. कंपन्यांनी दर तबकडीमागे संघटनेच्या निधीत काही रक्कम द्यावी, अशी मागणी होती. मोठ्या कंपन्या १९४४ च्या नोव्हेंबरात नमल्या. या लढ्याची जॅझने जबर किंमतही मोजली. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी १९४३ साली अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात एकत्र होते, आणि त्या वाद्यवृंदाचे स्टुडिओत झालेले एकही मुद्रण आपल्यापाशी नाही. पेट्रिलो यांचा हट्ट मला पुष्कळदा अरेरावीचा वाटतो. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न रास्त होता: वादकाचे एकदा केलेले काम यंत्र हजारदा विकत असेल, तर त्या विक्रीत त्याचा वाटा कोणता? ज्याने निःशब्द खोलीत बसून तो हजारो तुकड्यांचा ट्रंपेट वाजवून दिला, त्याला बहुधा एकदाच मानधन मिळते. त्यानंतर त्याचा श्वास कोणत्या देशात कोणाच्या तबकडीवर वाजतो आहे, हे त्याला कळत नाही. आणि बहुतेकदा ऐकणाऱ्यालाही त्याचे नाव ठाऊक नसते. ‘कोणी नाही’ हे उत्तर म्हणूनच अर्धेच खरे आहे. त्या आवाजात कोणीतरी आहे, त्याचे नाव पुसलेले आहे.

हे आपल्यापासून दूरचे आहे असे कोणी समजू नये. १९३५ साली लिऑन अ‍ॅबीचे कृष्णवर्णीय अमेरिकन पथक मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले आणि या शहराला जॅझची गोडी लागली. ती उचलली प्रामुख्याने गोव्याच्या वादकांनी, कारण त्यांची तयारी आधीच झालेली होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांत गावाचा मेस्त्री लहान मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवीत असे. हळदोण्याचा अँतोनियो शाविएर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईत ट्रंपेट वाजवू लागला, भारताचा आर्मस्ट्राँग म्हणून गाजला आणि आपले मराठी सी. रामचंद्र यांच्या हाताखाली चित्रपटसंगीतात आला. १९५१ सालच्या ‘अलबेला’तील धुंद पितळी झंकार आठवावा. फ्रँक फर्नांड, सॅबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशी किती नावे घ्यावीत! चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांतली फारच थोडी झळकली. पुढे १९८० नंतरच्या दशकात सिंथेसायझर आला. एकेका गाण्यासाठी पन्नास-साठ वादक जमण्याचे दिवस सरत गेले. मुंबईच्या ध्वनिमुद्रणकेंद्रांत ज्यांनी हयात घालवली ती माणसे खोक्यात वाद्य बंद करून घरी बसली, आणि त्यांच्या मुलांनी ते खोके उघडले नाही. एक पिढी वाजवायची थांबली की पुढच्या पिढीच्या शेजारी बसायला कोणी उरत नाही, कूटीच्या शेजारी जसा नॅन्टन होता तसा.

वसईत पितळी बँड अजून आहे. लग्नाच्या मिरवणुकीत तो वाजतो, अंत्ययात्रेत संथ पावलांनी पुढे चालतो. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर जॅझचा जन्म झाला तो अशाच बँडांतून. तेथेही परस्परसाहाय्य मंडळे वर्गणी काढून सभासदाच्या अंत्ययात्रेला बँड लावीत, जाताना विलापाचे आणि परतताना नाचाचे सूर वाजत. आपल्या बँडमधील ट्रंपेटवाल्याला जॅझ येत नसेल. त्याला ओठ आहेत, श्वास आहे आणि भरउन्हात चालता चालता शेजाऱ्याचा ताल धरण्याची सवय आहे. टॅबलेटवर रचना करणाऱ्या आपल्या मुलाने आणि या माणसाने एकमेकांना अद्याप भेटू नये, याचे मला सर्वांत जास्त दुःख होते. मुलापाशी रचना आहे, वादक नाही. वादकापाशी वाद्य आहे, नवे वाजवायला काही नाही. आणि दोघांची घरे एकाच धर्मग्रामात आहेत. सणाच्या समित्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींवर जो खर्च करतात त्याचा एक हिस्सा दोन ट्रंपेट, एक ट्रॉम्बोन आणि शिकवणाऱ्याचे मानधन यांवर करावा, असे मी आमच्या समितीला सुचवले आहे. चर्चा चालू आहे.

उरला शेवटचा आक्षेप, जो मला सर्वांत जास्त वेळा ऐकावा लागतो. आता वाड्या गेल्या, इमारती आल्या. फ्लॅटमध्ये ट्रंपेट वाजवला तर शेजारी पोलीस बोलावतील. टॅबलेटला कानात यंत्र घालता येते. अडचण खरी आहे. सॅक्सोफोन पितळेचा असूनही शास्त्राने काष्ठवाद्यांत मोडतो, तरी येथे एका सॅक्सोफोनवाल्याचा दाखला देतो. सनी रॉलिन्स न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत राहत होता. कीर्तीच्या शिखरावर असताना, १९५९ ते १९६१ या काळात, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास एकटा वाजवत असे. खालून नदी, शेजारून आगगाड्या. आपल्याकडे भुईगावचा किनारा आहे, कळंबचा आहे, आणि ओहोटीच्या वेळी तेथे मैलभर वाळूवर तक्रार करायला कोणी नसते.